एक संगणक, दोन प्रणाली : पेडणे-डिचोलीतल्या जुन्या संगणकांसाठी कृती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत देऊ केले, एवढेच. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. म्हणजे २०१७च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक बाद. गोव्याच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत असे संगणक घरोघरी आहेत. कुणाच्या देवघराशेजारच्या टेबलावर, कुणाच्या दुकानाच्या गल्ल्यामागे, कुठे वाचनालयात, कुठे भजनी मंडळाच्या खोलीत. त्यांचे पडदे चांगले आहेत, कीबोर्ड चांगले आहेत, प्रोसेसरही कामापुरता चांगला आहे. ते भंगारात घालायचे कारण नाही.

यावर उपाय म्हणून ‘विंडोज पुसा आणि लिनक्स टाका’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आपल्या भागात हा सल्ला मला अर्धाच बरोबर वाटतो. जत्रेच्या पत्रिका, दशावतारी काल्याची हँडबिले, मंडळांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका हे सगळे वर्षानुवर्षे श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरवर आणि पेजमेकरमध्ये तयार झाले. त्यातली एखादी जुनी पत्रिका लिनक्सवर उघडून पाहा. देवाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरे, टोप्या घातलेले स्वर, चलनांची चिन्हे अशी खिचडी दिसेल. फाइल बिघडलेली नसते. तिच्यात मुळात रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात आणि त्यांना देवनागरी रूप देण्याचे काम तो विशिष्ट फाँट करतो. फाँट आणि सॉफ्टवेअर विंडोजवर, म्हणून मजकूरही विंडोजवर अडकलेला. तो युनिकोडमध्ये येईपर्यंत विंडोज हवेच.

म्हणून वाटणी अशी करावी : जुन्या मजकुराचे आणि जुन्या सॉफ्टवेअरचे काम विंडोजवर, तेही इंटरनेट तोडून, आणि बँक, मेल, सरकारी पोर्टल, मुलांचा अभ्यास असे इंटरनेट लागणारे सगळे लिनक्सवर. आधार संपलेली प्रणाली इंटरनेटला लावणे धोक्याचे. नेट तोडलेले तेच विंडोज पुढची काही वर्षे पत्रिका बिनधोक छापून देईल.

लिनक्स गोव्याला नवे नाही. या शतकाच्या सुरुवातीला गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने परदेशातून वापरलेले संगणक आणून इथल्या शाळांत लिनक्सच्या प्रयोगशाळा उभ्या केल्या होत्या आणि रेड हॅट कंपनीने त्याला हात दिला होता. एक दणकट संगणक मध्यभागी आणि त्याला जोडलेले बाकीचे जुने, अशी ती रचना होती. त्याच सुमारास सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांना सरकारकडून संगणक मिळाले आणि अनेक गावांत पहिला घरगुती संगणक तोच आला. आता शाळांत सहावीपासून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवतात. त्यासाठी लागणारे स्क्रॅच आणि पायथन जुन्या संगणकावर लिनक्समध्ये उत्तम चालतात.

लागणारे साहित्य

किमान ४ जीबी रॅमचा, ६४ बिट प्रोसेसरचा संगणक. हार्ड डिस्कवर विंडोजचे सोडून ६० जीबी मोकळी जागा. अगदीच अडचण असेल तर ३० जीबीवर भागते. ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह, ज्यावरचे सगळे पुसले जाणार आहे. बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क. कागद आणि पेन. लॅपटॉप असेल तर चालू बॅटरी आणि चार्जर, डेस्कटॉप असेल तर यूपीएस.

यूपीएस नसेल तर दिवस निवडून बसा. मे महिन्यात वळवाचा गडगडाट सुरू झाला, किंवा ऑक्टोबरात संध्याकाळी सत्तरीच्या डोंगरांवर काळे ढग चढले, की आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. पार्टिशन बदलत असताना वीज गेली तर फायलींची मांडणी अर्धवट राहते आणि डिस्कवरचे सगळेच हाताबाहेर जाऊ शकते. हे काम कोरड्या दिवशी, सकाळी करावे.

कोणते लिनक्स? पहिल्यांदा करणाऱ्याने लिनक्स मिंट घ्यावे आणि ४ जीबी रॅम असेल तर त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मांडणी विंडोजसारखीच, खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यामुळे घरातली वडीलधारी माणसेही बिचकत नाहीत. सीडॅकने बनवलेले बॉस लिनक्स हेही मराठीला आधार देणारे आहे. ते नंतर तिसरी प्रणाली म्हणून टाकून पाहता येईल. क्रोमओएस फ्लेक्स मात्र या कामाला घेऊ नका. ते शेजारी कुणालाच ठेवत नाही, सबंध डिस्क मागते.

विंडोजमध्ये करायची तयारी

नुकसान होते ते बहुतेक वेळा लिनक्स टाकताना होत नाही, त्याआधीची तयारी टाळल्यामुळे होते. म्हणून निम्म्याहून अधिक वेळ इथेच द्या.

पहिले काम बॅकअप. फोटो, कागदपत्रे, श्री-लिपीच्या सगळ्या फायली, त्यांचे फाँट, सॉफ्टवेअरची मूळ सीडी किंवा इन्स्टॉल फाइल आणि तिचा क्रमांक बाहेरच्या डिस्कवर घ्या. कॉपी झाली एवढ्यावर थांबू नका. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार फायली उघडून बघा. श्री-लिपीला मागे लावायचे कुलूप, म्हणजे डोंगल असेल तर ते काढून नीट ठेवा.

मग विंडोज आणि आर ही बटणे एकदम दाबून ‘एमएसइन्फो३२’ चालवा. उघडलेल्या यादीत ‘बायोस मोड’समोर यूईएफआय आहे की लेगसी, ते कागदावर लिहा. २०१२नंतरच्या बहुतेक संगणकांवर यूईएफआय असते. दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने सुरू झाल्या पाहिजेत; विंडोज लेगसी आणि लिनक्स यूईएफआय असे झाले तर दोघांचा एक मेनू होत नाही. लेगसी संगणकावर आणखी एक अडचण असते. तिथे डिस्कचे चारच मुख्य भाग पाडता येतात आणि काही कंपन्यांनी ते चारही आधीच वापरून ठेवलेले असतात. तसे दिसले तर दुसरी डिस्क बसवण्याचा मार्ग बरा. तो पुढे सांगतो.

सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बिटलॉकर’ चालू आहे का पाहा. चालू असेल तर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की शोधा आणि कागदावर उतरून घ्या. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलात तरी कागद हवाच. नंतर बिटलॉकर बंद करा. डिस्क पूर्ण उलगडायला तासभर किंवा जास्त लागू शकते. ते होईपर्यंत पुढे जाऊ नका. दोन्ही प्रणाली रुळल्यावर बिटलॉकर पुन्हा चालू करता येते.

पुढे कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. ती असताना शटडाउन केले तरी विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही. डिस्क अर्धी उघडी ठेवून झोपते. मग लिनक्सला त्या भागात फक्त वाचता येते, लिहिता येत नाही, आणि जबरदस्तीने लिहिले तर फायली बिघडतात. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही खूण आपोआप परत आलेली असू शकते, तेव्हा अधूनमधून पाहत जा.

आता जागा काढायची. रिसायकल बिन रिकामी करा, डिस्क क्लीनअप चालवा. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. सी ड्राइव्हवर उजवी क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. आकडा एमबीमध्ये मागितला जातो. ६० जीबी हवे असतील तर ६१४४० लिहा. विंडोजसाठी निदान ३० जीबी मोकळे राहील असे पाहा. शेताचा बांध सरकवायचा तर ज्याच्या कब्जात शेत आहे त्याच्याच हातून सरकवलेला बरा, तसे हे विंडोजकडूनच करून घ्यावे. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरूनही ते करता येते, पण विंडोजला आपल्या फायली कुठे पसरल्या आहेत ते अधिक ठाऊक असते. भरपूर मोकळी जागा असूनही थोडीच देऊ करत असेल तर मध्येच कुठेतरी न हलणारी फाइल बसलेली असते. सिस्टिम रिस्टोअर आणि पेज फाइल तात्पुरती बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून पाहा.

काळ्या पट्टीत ‘अनॲलोकेटेड’ असा भाग दिसला की थांबा. त्याला नाव देऊ नका, फॉरमॅट करू नका. शेजारी दिसणारे ईएफआय आणि रिकव्हरी नावाचे छोटे भागही जसेच्या तसे राहू द्या. संगणक सुरू होण्याची वाट ईएफआय भागातूनच जाते.

पेनड्राइव्ह आणि चाचणी

मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची आहे. गावात मोबाइलच्या डेटावर उतरवत असाल तर मध्येच तुटून अर्धवट फाइल येण्याची शक्यता असते. म्हणून संकेतस्थळावर दिलेला एसएचए२५६चा लांब आकडा ताडून घ्या. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा फाइलच्या नावासह दिली की तोच आकडा यायला हवा. एक अक्षर जरी वेगळे असेल तर फाइल पुन्हा उतरवा.

रूफस या छोट्या मोफत प्रोग्रामने ती फाइल पेनड्राइव्हवर चढवा. कागदावर यूईएफआय लिहिले असेल तर तिथे जीपीटी निवडा, लेगसी असेल तर एमबीआर. दोन-तीन प्रकारची लिनक्स पाहायची असतील तर व्हेंटॉय वापरा. एकाच पेनड्राइव्हवर अनेक फायली नुसत्या कॉपी करून ठेवता येतात आणि सुरू करताना हवी ती निवडता येते.

संगणक बंद करून पेनड्राइव्ह लावा आणि चालू करताच बूटचे बटण दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर ते बहुधा एफ१२ असते. एचपीवर एस्केप आणि मग एफ९. असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवरही एफ१२, पण तो आधी एफ२ने बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. ‘सिक्युअर बूट’ बंद करा असे अनेक जण सांगतात. मिंटला त्याची गरज नसते, राहू द्या.

मिंट थेट पेनड्राइव्हवरून चालू होते आणि डिस्कला हातही लावत नाही. ही सोय घाईत वाया घालवू नका. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, टचपॅड नीट चालतो का, घरचा प्रिंटर कागद ओढतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त करणारी बटणे चालतात का, सगळे करून बघा. जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची वायफाय चिप असेल तर सुरुवातीला वायफाय दिसत नाही. मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे नेट वापरा आणि ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून ड्रायव्हर घ्या. या चाचणीत काही जमले नाही तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज पूर्वीसारखे सुरू होईल.

चाचणीत डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका. बायोसमध्ये डिस्कची पद्धत ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ अशी असते, ती ‘एएचसीआय’ करावी लागते. पण ती थेट बदलली तर विंडोज सुरू होत नाही. आधी विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून बूट या पानावर ‘सेफ बूट’ची खूण करा, मग बायोसमध्ये बदल करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि खूण काढा.

प्रत्यक्ष बसवणे

‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’वर दोनदा क्लिक करा. भाषा मराठी निवडता येते. पहिल्यांदा मात्र इंग्रजी घ्या, कारण अडल्यावर मदत शोधताना पडद्यावरचे तेच शब्द कामी येतात. नंतर भाषा बदलता येते.

प्रश्न येतो कुठे बसवायचे. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय म्हणजे विंडोजसकट सगळे गेले. ‘अलाँगसाइड’ म्हणजे शेजारी बसवणे. तो दिसत असेल आणि डिस्क एकच असेल तर तो ठीक आहे. मी ‘समथिंग एल्स’ निवडा असे सांगेन, कारण त्यात काय कुठे जाते हे तुमच्या डोळ्यांसमोर असते. यादीत ‘फ्री स्पेस’ असे लिहिलेली, आपण काढलेल्या आकाराची ओळ शोधा. अधिकचे चिन्ह दाबा, सगळी जागा द्या, प्रकार एक्स्ट४ ठेवा आणि माउंट पॉइंटमध्ये नुसती तिरपी रेघ निवडा. यूईएफआय संगणकावर ईएफआयचा भाग आपोआप ओळखला जातो. त्याच्यासमोर फॉरमॅटची खूण नाही याची खात्री करा. ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्यावर बदलांची यादी येते. ती मोठ्याने वाचा. तिच्यात एनटीएफएस हा शब्द आला तर मागे फिरा, कारण तो विंडोजचा भाग आहे.

वेळेसाठी कोलकाता निवडा. नाव आणि पासवर्ड द्या. एसएसडीवर वीसएक मिनिटे लागतात, जुन्या फिरत्या डिस्कवर त्याच्या दुप्पट.

डेस्कटॉप संगणक असेल, किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी डिस्क बसणारा लॅपटॉप असेल, तर मी पार्टिशनच्या वाटेला जाणारच नाही. एक छोटी एसएसडी घ्या, विंडोजच्या डिस्कची केबल काढा, नवीवर लिनक्स बसवा, केबल पुन्हा लावा. दोघांचा एकमेकांशी काहीच संबंध राहत नाही. कुणाला उठवायचे ते बूटच्या बटणाने ठरवायचे. खर्च होतो खरा, पण जुन्या संगणकाला एसएसडीने जेवढा जीव येतो तेवढा दुसऱ्या कशाने येत नाही.

पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी

चालू करताच ग्रब नावाचा मेनू दिसेल, वर मिंट आणि खाली विंडोज. आधी विंडोजमध्ये जाऊन सगळे जागेवर आहे ना ते पाहा. मेनूत विंडोज दिसलेच नाही तर मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्या. तरीही न दिसल्यास ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ओएस-प्रोबर बंद ठेवणारी ओळ ‘फॉल्स’ करून तीच आज्ञा पुन्हा द्या. नव्या ग्रबमध्ये दुसऱ्या प्रणाली शोधणे मुळात बंद असते.

घड्याळ बिघडलेले दिसू शकते. सकाळी दहा वाजता विंडोज पहाटेचे साडेचार दाखवते. विंडोज संगणकातल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स ग्रीनिचची, आणि दोन्हींत आपल्याकडे साडेपाच तासांचा फरक. मिंटमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा एकदा दिली की भांडण मिटते. पण तारीखच मागच्या एखाद्या वर्षात जात असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. चुकीच्या तारखेला बँकेची संकेतस्थळे उघडत नाहीत, बॅटरी बदला.

मराठीसाठी मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये, लेआउटच्या पानावर भारत शोधून ‘मराठी, एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट’ जोडा. इन्स्क्रिप्ट विंडोजमध्येही तसाच आहे, त्यामुळे हाताला एकदाच सवय लावायची आणि दोन्हीकडे वापरायची. नवा मजकूर यापुढे युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे तो मोबाइलवरही वाचता येतो आणि पुढच्या वर्षीच्या पत्रिकेसाठी पुन्हा टंकावा लागत नाही. जुन्यापैकी जे फक्त पाहायचे असते त्याची विंडोजमधून पीडीएफ करून ठेवा. जे पुन्हा वापरायचे, म्हणजे आरत्या, सभासदांच्या याद्या, घटना-नियम, ते रूपांतर करून वाचून तपासा. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात.

विंडोजमध्ये वायफायचा पासवर्ड विसरायला लावा, म्हणजे ‘फर्गेट’ करा, किंवा डिव्हाइस मॅनेजरमधून नेटवर्क बंद करा. दोघांना लागणाऱ्या फायली डी ड्राइव्हवर ठेवा. एनटीएफएस असला तरी मिंट त्यात वाचते आणि लिहिते. सी ड्राइव्हमध्ये मिंटवरून काही बदलू नका.

रॅम ८ जीबी किंवा जास्त असेल आणि विंडोज एखाद्याच प्रोग्रामपुरते हवे असेल, तर व्हर्च्युअलबॉक्स वापरून लिनक्सच्या आतच एका खिडकीत विंडोज चालवता येते. पुन्हा पुन्हा बंद-चालू करावे लागत नाही. ४ जीबीवर मात्र दोन्ही रखडतात, आणि पॅरलल पोर्टला लागणारे जुने डोंगल तिथे बहुधा ओळखले जात नाही.

तिसरी प्रणाली टाकायची असेल तर हीच कृती, आणखी ३० जीबी काढून. शेवटी बसवलेल्या लिनक्सचा ग्रब मेनूचा ताबा घेतो, तो चालू द्या.

विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर मेनू न दिसता थेट विंडोज सुरू होऊ लागले तर काही पुसले गेलेले नसते. बायोसमध्ये बूटच्या क्रमात मिंटचे किंवा ते ज्यावर उभे आहे त्या उबुंटूचे नाव वर आणा. उलट, लिनक्स नकोच झाले तर आधी त्याच क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला करा, विंडोज नीट सुरू होते ते पाहा आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचा भाग काढून सी ड्राइव्ह वाढवा. लेगसी संगणकावर असा क्रम नसतो. तिथे विंडोजच्या रिपेअर पेनड्राइव्हने डिस्कच्या सुरुवातीचा बूटचा भाग आधी पूर्ववत करावा लागतो. भाग आधी काढला तर ‘ग्रब रेस्क्यू’ असे लिहिलेला काळा पडदा समोर येतो आणि तोच पेनड्राइव्ह शोधत बसावे लागते.